दोषवही

महिपती इंगोले दर रविवारी खात्याची एक वही भाजीच्या पिशवीतून घरी आणत. ती घरी आणायची नसते, हे त्यांना माहीत होतं. पण वहीतलं अक्षर साहेबांना वाचता आलं पाहिजे असाही एक नियम होता. दोनपैकी कोणता नियम मोडायचा, हे त्यांनी स्वतःच्या अक्षराकडे पाहून ठरवलं होतं.

महिपती पोलीस खात्यात चालक होते. एकोणतीस वर्षांपूर्वी वाशीम जिल्ह्यातून पुण्याला आले आणि धायरीत दोन खोल्यांचा संसार मांडला. गेली अकरा वर्षं ते गस्तीची एकच गाडी चालवत होते. ठाण्यात तिला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीचा डावा दरवाजा सायकलच्या ट्यूबने बांधलेला असे. मागच्या सीटचा स्पंज उंदरांनी नेला होता आणि सायरन फक्त डावीकडे वळताना वाजे. तिला भंगारात काढायचा प्रस्ताव तीन वर्षांपूर्वी गेला होता. तो कुठे गेला होता हे कुणाला सांगता येत नव्हतं, पण गेला होता हे सगळे छातीठोकपणे सांगत.

पिशवीतली वही म्हणजे दोषवही. गाडीत काय बिघडलंय ते चालकाने त्यात रोजच्या रोज लिहायचं आणि आठवड्याचं पान सोमवारी वर पाठवायचं. डावीकडे दोष, उजवीकडे दुरुस्तीची तारीख आणि सही. सुटे भाग येत नसल्यामुळे उजवीकडे कधीच काही नसे. डावीकडे दोष आहे आणि उजवीकडे सही नाही, असं पान लाल पेन्सिलीने ‘अपूर्ण’ असा शेरा मारून परत येई. मग ते पुन्हा लिहायचं. डावीकडे ‘निरंक’ लिहिलं की पान परत येत नसे. काही नाही, एवढं साधं म्हणायला सरकारी मराठीला लाज वाटते, म्हणून निरंक.

त्या रविवारी दुपारचे साडेचार वाजले होते. त्यांच्या मुलीला, उत्कर्षाला, सहा वाजता सदाशिव पेठेत एका व्याख्यानाला पोचायचं होतं. सिंहगड रस्त्याने रविवारी पेठेत जायचं म्हणजे तासभर आधी निघायला हवं. ती चौतीस वर्षांची, एका प्रकाशन संस्थेत संपादक. लोकांच्या हस्तलिखितांतल्या चुका काढणं हे तिचं काम होतं, आणि घरी आल्यावरही ते सुटत नसे. तिचं अक्षर मात्र असं की पाहणाऱ्याने आधी पाहत राहावं आणि मग वाचावं.

“लिही,” महिपती मटार सोलता सोलता म्हणाले. “सोमवार. ब्रेक पार खाली जाते. दोनदा मारा लागते, तवा धरते.”

“मारावा लागतो, बाबा. ब्रेक मारावा लागतो.”

“हो, तेच. मारावा लागतो. मंगळवार, तेच. बुधवार...”

“बाबा, मागचे दोन्ही आठवडे हेच लिहिलं मी. दोन्ही पानं परत आली. पुन्हा लिहून दिली, ती पण आली. आज परत हेच?”

“मंग काय लिहू? ब्रेक तर तोच हाये ना.”

“पण ते वाचणारच नाहीयेत.”

“वाचतीन. तुहं अक्षर पाहून तरी वाचतीन.” ते हसले. “तुले सांगतो, गाडीवरचा कचरू म्हनत होता, अण्णा, तुमच्या वहीचं पान फ्रेम करून लावा लागते.”

आतून आईने हाक मारली. “पातोड्या झाल्या. रस्सा पाह्यता का जरा, तिखट झाला काय तं?” द्वारकाबाईंना रश्श्याचं तिखट नवऱ्याने चाखल्याशिवाय पटत नसे. महिपती उठले. “तू लिही,” ते जाता जाता म्हणाले. “तुले समजते.”

उत्कर्षाने घड्याळ पाहिलं. मग सात वारांपुढे सात वेळा, एकाखाली एक, निरंक लिहिलं. सातही एका मापाचे, अनुस्वार जागच्या जागी. एक मिनिटही लागलं नाही.

महिपती नॅपकिनला हात पुसत आले आणि खाली सही केली.

“वाचून तरी पाहा,” ती म्हणाली. सवयीने म्हणाली. लेखकांनाही ती असंच म्हणे, आणि लेखकही वाचत नसत.

“तू लिहिलं म्हंजे बरोबरच असन.”

मग चपला घालेपर्यंत ते तिला नव्या गाड्यांबद्दल सांगत राहिले. सत्तावीस आल्या होत्या. पांढऱ्याफेक, एसीवाल्या. मैदानात ओळीने उभ्या होत्या आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत तिथेच उभ्या राहणार होत्या. “म्या बसून पाह्यलं एकीत. सीटचं प्लास्टिक काही काढू देल्लं नाही. पन ब्रेकवर पाय ठेवला तं काय सांगू तुले, लोन्यासारखा. एका बोटानं लागते.”

“लागतो,” उत्कर्षा म्हणाली आणि जिना उतरली.

व्याख्यान कंटाळवाणं झालं. विषय होता, लिहिणाऱ्याची जबाबदारी. असा योगायोग एखाद्या हस्तलिखितात आला असता तर तिने तो लाल पेनाने काढून टाकला असता.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला वडगावच्या उतारावर म्हातारीच्या पुढचा ट्रक थांबला. महिपतींनी ब्रेक मारला. तो दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळाला नाही. डावीकडे बसथांब्यावर माणसं होती, म्हणून त्यांनी गाडी उजवीकडे दुभाजकावर घातली आणि ती विजेच्या खांबावर गेली. शेजारी बसलेल्या शिपाई कचरूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. महिपती दवाखान्यात पोचेपर्यंत राहिले नाहीत.

त्या दिवशी नव्या गाड्यांना मैदानात उभं राहून एकोणीस दिवस झाले होते.

खात्याने नंतर जे काही केलं ते नियमानुसार केलं. मानवंदना दिली, बिगुल वाजवला, आणि वर्तमानपत्रांना पाठवायच्या निवेदनात महिपतींचं आडनाव इंगळे असं छापलं. उत्कर्षाने फोन करून चूक सांगितली. पलीकडचा माणूस म्हणाला, “मॅडम, दोन्ही चालतं.” तिने फोन ठेवला. दुःखात माणसाला राग येतो असं तिने पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. तिला राग येत नव्हता. किळस येत होती, पानात शिळं वाढलं की येते तशी, आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत टिकत होती.

पंधरा दिवसांनी तिला गाड्यांच्या विभागात बोलावलं. तिथले निरीक्षक हिंमतराव हे मृदू बोलणारे गृहस्थ होते. टेबलावर काच, काचेखाली देवांचे आणि वरिष्ठांचे फोटो, कुणाचे कुठले ते चटकन कळू नये असे मिसळलेले.

“बसा ताई. चहा घेणार? नाही म्हणू नका. महिपती म्हणजे आमच्या घरचा माणूस.” त्यांनी चहा सांगितला. तो शेवटपर्यंत आला नाही. “हे बघा, चौकशीचा अहवाल तयार आहे. मी स्वतः तो सौम्य करून घेतलाय. हयगय हा शब्द होता, तो काढायला लावला. आता फक्त ‘चालकाच्या अंदाजातील चूक’ एवढंच आहे.”

“ब्रेक लागला नाही,” उत्कर्षा म्हणाली. “कचरूंनी जबाब दिलाय तसा.”

“दिलाय ना. पण ताई, कचरू मित्र आहे त्यांचा, तो म्हणणारच. आम्हाला कागद बघावा लागतो.” त्यांनी खण उघडून दोषवही काढली, खूण घातलेलं पान उघडलं आणि तिच्यासमोर ठेवलं. “बघा. अपघाताच्या आदल्याच दिवशी वर आलंय. सातही दिवस निरंक, खाली त्यांची सही. गाडीत दोष असता तर इतका अनुभवी माणूस लिहिणार नाही का?”

उत्कर्षाने पाहिलं. सात निरंक एकाखाली एक, शहाण्या मुलांसारखे बसले होते.

“खरं सांगू?” हिंमतराव कौतुकाने म्हणाले. “अख्ख्या विभागात अशी स्वच्छ वही कुणाची नव्हती.”

“आधीच्या आठवड्यांची पानं?”

“अपूर्ण पानं आपण ठेवत नाही.”

अहवालाची प्रत हवी असेल तर अर्ज द्यावा लागेल, असं ते म्हणाले. तिने तिथेच बसून अर्ज लिहिला. हिंमतरावांनी तो घेतला, उघड्या दोषवहीवरच ठेवला आणि त्यावर शिक्का मारला. एकाच हाताची दोन पानं एकमेकांना लागून पडली होती. क, र, वरची रेघ, सगळं तेच. आयुष्यभर कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकवलेल्या त्या माणसाने दोन्हींकडे पाहिलं आणि त्याला काही दिसलं नाही. उत्कर्षाला त्याची कीव आली असती. पण तेव्हाच तिच्या लक्षात आलं की तो ओळखेल म्हणून आपण श्वास धरून बसलोय, आणि ओळखलं नाही म्हणून सोडलाय. कीव राहूनच गेली.

ती उठली.

कचरू घरी आला तो त्यानंतरच्या आठवड्यात. हात अजून गळ्यात अडकवलेला. तो इथलाच, धायरीशेजारच्या नऱ्ह्याचा. द्वारकाबाईंनी पुढे केलेल्या खुर्चीत न बसता तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

“वैनी, मला खोटारडा ठरवलाय त्यांनी,” तो म्हणाला. “माझं काय न्हाई. पण अण्णा खोटं बोलणारा माणूस व्हता का? त्या दिवशी चहा पिताना मला म्हणलं, कचरू, या खेपंला माझ्या पोरीनं असं झ्याक लिहून दिलंय, आता कुणाच्या बापाला पान माघारी धाडता येणार न्हाई. गाडी आत जाईल बघ दुरुस्तीला. मी हेच सायबाला सांगितलं. सायबानं वही उघडली. तिथं निरंक.” त्याने उत्कर्षाकडे पाहिलं. “ताई, तुम्ही काय लिहून दिलं व्हतं?”

द्वारकाबाईंनीही पाहिलं.

“वही खात्याची असते,” उत्कर्षा म्हणाली. “बाबाच लिहायचे.”

तिने हे शुद्ध मराठीत म्हटलं. कचरूने मान हलवली, चहा प्यायला आणि गेला. जिन्यातून त्याची चप्पल बराच वेळ ऐकू येत होती. द्वारकाबाई रात्रीच्या भाजीला घेतलेले मटार सोलत बसल्या, आणि एक दाणा घरंगळून कपाटाखाली गेला तो काढायला वाकल्या त्या जरा जास्त वेळ वाकूनच राहिल्या.

नव्या गाड्या मैदानात उभ्याच होत्या. बातम्यांत त्यांचे फोटो येऊन गेले. पाहुण्यांची एक तारीख ठरली आणि मोडली. दुसरी ठरली, तेव्हा पितृपक्ष असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं. सत्तेचाळीस दिवस सत्तावीस गाड्या प्लास्टिकमध्ये बसून राहिल्या आणि शहरात म्हातारीच्या वयाच्या बाकीच्या गाड्या ब्रेक दोनदा मारत फिरत राहिल्या. सरतेशेवटी तारीख पक्की झाली, आणि हिंमतरावांचा फोन आला.

“ताई, एक भावनिक कल्पना आहे. पहिल्या गाडीची चावी पाहुण्यांच्या हस्ते महिपतींच्या कुटुंबाला द्यायची. प्रतीकात्मक हो. फोटो झाला की चावी परत. तुम्ही शिकलेल्या आहात, दोन शब्द बोला. मजकूर पाठवतो. आणि त्याच दिवशी अहवालावर कुटुंबाची पोच म्हणून एक सही, म्हणजे फाइल बंद होईल.”

उत्कर्षाने हे ऑफिसात सांगितलं. प्रकाशन संस्थेच्या मालक श्यामलाबाई पेठेतल्याच, सत्तरीच्या. त्या प्रूफ तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चावी देणार आणि परत घेणार?”

“हो.”

“मग हार तरी ठेवू देणार आहेत का, की तोही पुढच्या कार्यक्रमाला लागतो?” त्यांनी पान उलटलं. “तू जाणार?”

“आईला जायचंय. चावी हातात घ्यायची म्हणते.”

“आणि तुला?”

श्यामलाबाईंनी आता चष्म्यावरून पाहिलं. “महिनाभर बघतेय. तू दुसऱ्यांच्या चुका सोडायला लागली आहेस. काल एका पानावर चार राहिल्या. तुझं काय बिनसलंय ते मला सांगू नकोस, मी काही करणार नाही. पण ज्याला सांगायचंय त्याला सांग.” आणि त्या पुन्हा प्रुफात शिरल्या.

समारंभाला मंडप घातला होता. सत्तावीस गाड्यांच्या बॉनेटवर कुंकवाची स्वस्तिकं आणि झेंडूचे हार. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू ठेवलं होतं. एकशे आठ लिंबं. ब्रेकच्या तपासणीला माणूस न मिळणाऱ्या खात्याला लिंबं मांडायला चौघं मिळाले होते. पाहुणे सव्वा तास उशिरा आले. तोवर निवेदिका बोलत होती. ‘सुरक्षेच्या महायज्ञात नवचैतन्याची समिधा’ असं ती दोनदा म्हणाली. एरवी उत्कर्षाने मनात त्या वाक्याखाली रेघ ओढली असती. आज हात उचलेना.

द्वारकाबाई पहिल्या रांगेत, काठाची साडी, पदर घट्ट धरलेला. त्यांच्या मागच्या रांगेत कचरू. त्याच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. चौकशीत खोटा ठरलेल्या माणसाशेजारी बसायला कुणाला घाई नव्हती.

उत्कर्षाच्या हातात हिंमतरावांनी पाठवलेला मजकूर होता. तीन वाक्यं. खात्याने आम्हाला मायेचा आधार दिला. वडिलांचे स्वप्न आज साकार होत आहे. मी खात्याची शतशः ऋणी आहे. तिसऱ्या वाक्यात ऋणी हा शब्द रुणी असा टाइप केला होता.

चावी आली. पाहुण्यांनी ती द्वारकाबाईंच्या हातात ठेवली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. “थोडं इकडे, वहिनी.” दिवे चमकले. हिंमतराव चावी परत घ्यायला पुढे झाले, तर द्वारकाबाईंच्या मुठीतून ती सुटेना. “राहू द्या थोडा वेळ,” त्या म्हणाल्या. “पळवत नाही.” हिंमतराव हसले आणि तोच हात माइककडे दाखवत म्हणाले, “ताई, दोन शब्द.”

उत्कर्षा माइकसमोर उभी राहिली. समोर ओळीने नव्या गाड्या होत्या. पहिल्या गाडीची काच खाली होती आणि आत सीटवर प्लास्टिक अजून तसंच होतं. ह्याच गाडीत बाबा बसले असतील की दुसऱ्या, हे आता कळायला मार्ग नव्हता. गेला महिनाभर तिने या सगळ्यांचा मनोमन धिक्कार केला होता. हिंमतराव, लाल पेन्सिल, लिंबं, हा मंडप. त्या तिरस्काराला तिने खूप खाऊ घातलं होतं, कारण तो जरा उपाशी राहून निपचित पडला की त्याच्या मागे जे बसलं होतं ते दिसायचं. या लोकांनी पान वाचलं नाही, हे खरं होतं. पण न वाचता सही करणारा माणूस यांच्यावर विसंबला नव्हता.

तिने मजकुराचा कागद दुमडून पर्समध्ये ठेवला.

“मी उत्कर्षा महिपती इंगोले,” ती म्हणाली. “इंगळे नाही.”

मंडपात थोडं हसू झालं.

“चौकशीत बाबांची दोषवही पाहिली गेली. त्यात शेवटच्या आठवड्यात सात वेळा निरंक लिहिलंय. ते अक्षर बाबांचं नाही. माझं आहे.”

हिंमतराव जागचे हलले. “ताई, तो विषय इथे नको, आपण आत बसून...” त्यांचा हात माइकच्या दांड्यापर्यंत आला.

“बोलू द्या तिले,” पहिल्या रांगेतून द्वारकाबाई म्हणाल्या. चावी मुठीतच होती. आवाज मोठा नव्हता, पण हिंमतरावांचा हात थांबला.

“बाबा वही घरी आणायचे. मी लिहून द्यायचे. सरकारी वहीत खोटं लिहिल्याची जी काही शिक्षा असेल ती माझी. माझा अर्ज तुमच्या फायलीत आहे, तो वहीशेजारी ठेवून बघा. कचरूकाका खरं बोलले. बाबांनी मला दोष सांगितला होता. पान परत येईल, पुन्हा लिहावं लागेल, मला उशीर होईल, म्हणून मी तो लिहिला नाही. ते स्वयंपाकघरात रस्सा चाखायला गेले होते. परत येऊन त्यांनी न वाचता सही केली.”

कचरू उभा राहिला होता. उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. पुढचं वाक्य तिला हळू बोलायचं नव्हतं. त्यात एकही दुरुस्ती करायची नव्हती.

“ते म्हणाले होते, ब्रेक पार खाली जाते. दोनदा मारा लागते, तवा धरते.”